आईच्या गालातली कळ आणि ती शीर

ती. आई-बाबांस,
सा. न.

आई, तुझा एमआरआयचा रिपोर्ट नीट वाचला. गाठ नाही, मल्टिपल स्क्लेरोसिसच्या (मज्जातंतूंवरचं आवरण झिजवणाऱ्या आजाराच्या) खुणाही नाहीत. चेहऱ्याची संवेदना नेणारा पाचवा मज्जातंतू, ट्रायजेमिनल, मेंदूच्या देठाजवळ जिथून निघतो तिथे एक शीर, म्हणजे रक्त हृदयाकडे परत नेणारी रक्तवाहिनी, त्याला टेकली आहे. या दुखण्याला ट्रायजेमिनल न्यूरॅल्जिया म्हणतात. अशा दाबाने तंतूंवरचं मायलिनचं आवरण झिजतं आणि उघडे पडलेले तंतू एकमेकांना चेतवतात. मग दात घासताना झालेला साधा स्पर्श, वाऱ्याची झुळूकसुद्धा विजेचा झटका होऊन बसते. झटका सेकंदांत, फार तर दोन मिनिटांत ओसरतो. पॅरासिटामॉलने काही होत नाही ते यामुळेच. आणि कृपा करून दाढ काढू नकोस! कळ दाढेत वाटते, मूळ तिथे नसतं. या दुखण्यात कित्येकांच्या चांगल्या दाढा उगाच गेल्या आहेत.

बाबा, तुम्ही ऑपरेशनचं विचारलंत. बहुतेकांत मज्जातंतूवर धमनी दाबत असते. ती बाजूला सरकवून मध्ये टेफ्लॉनचा बोळा ठेवतात. शिरेचं तसं नाही. तिची भिंत पातळ, फांद्या देठातच रुतलेल्या, त्यामुळे ती फारशी सरकत नाही. कधी ती मज्जातंतूच्या तंतूंमधूनच गेलेली असते. मग सर्जन तिला सोडवून टेफ्लॉन घालतात, किंवा जाळून कापतात. बारीक शीर कापली तर सहसा बिघडत नाही. पण लहान मेंदूकडचं रक्त वाहून नेणाऱ्या सुपीरियर पेट्रोजल शिरेसारखा मोठा प्रवाह बंद केला तर रक्त तुंबून लहान मेंदूला सूज येऊ शकते, रक्तस्रावही होऊ शकतो. शिवाय कापलेल्या शिरेच्या जागी नव्या शिरा तयार होऊन दुखणं परतल्याची उदाहरणं आहेत. म्हणून सर्जनना नेमकं विचारा: शीर कोणती, नुसती टेकली आहे की मज्जातंतू वाकलाय, बारीक झालाय? न दुखणाऱ्या माणसांतही असा स्पर्श दिसतो, त्यामुळे नुसत्या चित्रावर निर्णय घ्यायचा नाही.

आधी गोळीच. कार्बामाझेपिन, मज्जातंतू शांत करणारी. आईच्या वयात 100 मिलिग्रॅमसारख्या लहान डोसने सुरुवात करून डॉक्टर सांगतील तसा हळूहळू वाढवायचा. सुरू करण्याआधी एचएलए-बी 1502 या जनुकाची रक्ततपासणी करावी का, हे विचारा. ती पॉझिटिव्ह असेल तर त्वचेची भयंकर प्रतिक्रिया येऊ शकते. अंगावर पुरळ किंवा तोंडात फोड दिसले तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी फोन करा. काही आठवड्यांनी सोडियम तपासून घ्या. बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर सोडियम आणखी उतरतं, माणूस गोंधळतो, पडतो. रक्त पातळ करणारं वॉरफरिन चालू असेल तर त्याचा परिणाम कमी होतो. बरं वाटलं म्हणून गोळी एकदम बंद करायची नाही.

दोन-तीन औषधांनीही भागलं नाही तरच ऑपरेशन. मोठं ऑपरेशन झेपत नसेल तर मज्जातंतूवर थेट केले जाणारे उपाय आहेत: रेडिओफ्रीक्वेन्सी (उष्णतेने), बलून (फुग्याच्या दाबाने), गॅमा नाइफ (किरणांनी). त्यांत गाल बधिर होण्याची शक्यता जास्त.

कळ कधी, कुठल्या बाजूला, कशाने उठते हे रोज लिहून ठेवा. ती वही आणि चालू सगळ्या गोळ्यांची पाकिटं पुढच्या तपासणीला बरोबर न्या.

तुमची मुलगी