अर्ध्या कोयत्याचं नाव कागदावर येऊ द्या

प्रति,
मा. सामाजिक न्याय मंत्री, महाराष्ट्र राज्य

महोदय, सप्रेम नमस्कार.

मी बीड जिल्ह्यातल्या धारूर तालुक्यातली. आई-वडील ऊसतोडीला जायचे. मी नववीत असताना वडील वारले. त्या वर्षी दसऱ्याला आई मुकादमाकडे, म्हणजे टोळी नेणाऱ्या ठेकेदाराकडे, उचल (हंगामाचे आगाऊ पैसे) मागायला गेली, तर तो म्हणाला, "जोडीला कोण हाय? अर्धा कोयता घेऊन मी काय करू?" पंधरा हंगाम उसाच्या फडात राबलेली बाई. ऊस तोडायची, मोळी बांधायची, डोक्यावर घेऊन गाडीत चढवायची. नवरा गेला आणि त्याच्याबरोबर तिचं कामही गेलं. शेवटी सातवीतला माझा भाऊ तिच्या जोडीला गेला. तो पुन्हा शाळेत बसला नाही.

नवरा-बायको मिळून एक कोयता, हा आमच्याकडचा हिशेब. उचल नवऱ्याच्या हातात, अंगठा त्याचा, टनांची नोंद त्याच्या नावावर. उचल फेडायला मात्र बाई बरोबरीनं बांधलेली. विधवा, नवऱ्यानं टाकलेली, बिनलग्नाची, अशांना दीर, भाऊ नाहीतर शाळकरी पोरगं जोडीला घ्यावं लागतं. हंगामाच्या तोंडावर कोवळ्या पोरींची लग्नं उरकतात, त्यामागंही हेच आहे. एकट्या पोराला उचल कमी, जोडीला जास्त.

2019 साली गर्भपिशव्या काढलेल्या ऊसतोड बायकांचा प्रश्न विधिमंडळात गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. बीडमधल्या पाहणीत अशा 13 हजारांहून जास्त बायका आढळल्या. फडावरच्या कोपीजवळ, म्हणजे राहायच्या झोपडीजवळ, ना मोरी ना पुरेसं पाणी, आणि पाळीच्या दिवसांत खाडा पडला की मुकादम पैसे कापणार. बाईनं काय करायचं?

ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे महामंडळ झालं, पोरांसाठी संत भगवानबाबा वसतिगृहं निघाली, ओळखपत्रं देणं सुरू झालं. हे चांगलंच झालं. जानेवारी 2024 मध्ये तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ झाली, तीही लढून मिळवलेली. पण ती वाढ कोयत्याला मिळाली. त्यातली बाईची किती, हे कुठल्याच कागदावर नाही.

म्हणून मागते. प्रत्येक बाईची मजूर म्हणून स्वतंत्र नोंद करा. उचलीच्या करारावर तिची सही असू द्या, तिच्या वाट्याचे पैसे तिच्याच खात्यावर जाऊ द्या. दोन बायकांनी मिळून कोयता केला तर मुकादमाला नाही म्हणता येऊ नये. आणि 2013 च्या लैंगिक छळविरोधी कायद्यातली तक्रारी ऐकणारी जिल्ह्याची स्थानिक समिती हंगामात फडावर यायला हवी. बीडची बाई सांगली-कोल्हापूरच्या फडात असताना तिथलं कलेक्टर ऑफिस कुठं शोधणार?

आईचे गुडघे गेले, ती आता जात नाही. पण आमच्या गल्लीतली एक विधवा बाई यंदा उचलीसाठी दारोदार फिरते आहे. तिचा मुलगा सातवीतच आहे. कारखान्याचा बॉयलर पेटायच्या आत आदेश काढा.

आपली,
ऊसतोड मजूर बाईची लेक
ता. धारूर, जि. बीड