तेजाबाची बाटली उघडण्याआधी

कोईमतूर,
रविवार रात्र

प्रिय सुनील,

सप्रेम नमस्कार. व्हॉट्सअ‍ॅपवर एवढं टाइप करणं माझ्याच्यानं होत नाही, म्हणून सरळ कागद घेतला.

कॉम्प्युटर क्लास बंद केल्यावर तू माळ्यावर टाकलेल्या पीसींचे फोटो बघितले. पोतंभर प्रोसेसर, रॅमच्या पट्ट्या, आणि वर तुझा प्रश्न, "ह्यातलं सोनं काढायला तेजाब कुठलं आणू?" लेका, आधी माल तरी बघ. आपल्या विटा-खानापूरकडची माणसं पिढ्यान्‌पिढ्या देशभर गलाई करतात, म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करतात. त्यांतला कुणीही मूस पेटवायच्या आधी माल हातात घेऊन उलटासुलटा करतो, घासतो, टंच (शुद्धता) काढतो. ह्या धंद्यात पैसा निवडण्यात आहे, तेजाबात नाही.

तुझ्या पोत्यात बहुतेक हिरव्या पाटीचे पेन्टियम फोर दिसतात. खालच्या पिना पिवळ्याधमक असल्या तरी तो नुसता मुलामा आहे. एका नगातून काही मिलिग्रॅम निघाले तरी खूप. पण तिसऱ्या फोटोत कोपऱ्यात एक जांभळट-करडा चौकोन आहे बघ, सिरॅमिकचा. तो 486 हा इंटेलचा जुना प्रोसेसर असावा. अशा जुन्या चिपमध्ये पिनांवरचं सोनं तर असतंच, शिवाय आत सिलिकॉनचा तुकडा सोन्यानंच चिकटवलेला असतो, जोडणीच्या केसासारख्या तारा काहींत सोन्याच्या, आणि वर सोनेरी झाकण असेल तर त्याचा डाकसुद्धा (जोड) सोनं-कथलाचा. म्हणून त्याचं सोनं ग्रॅमच्या दहाव्या-पाचव्या हिश्शात मोजतात. ह्या सगळ्यांचा राजा 1995 चा पेन्टियम प्रो, नगामागे साधारण 0.3 ग्रॅम. तो सापडला तर मला लगेच फोन कर, पण तो बहुतेक सर्व्हरमध्ये असायचा, आणि तुझ्या क्लासात सर्व्हर कुठला असायला! आणि जुनी सिरॅमिक चिप फोडायच्या आधी शौकिनांना विचारायचं. इंटेलची 1971 ची पांढरी 4004 आतल्या सोन्याच्या कितीतरी पट किमतीला जाते.

रॅमच्या पट्टीचं गणित तूच करून बघ, बीएस्सीला होतास ना? कडेच्या दात्यांवरचा चांगला मुलामा 0.75 मायक्रॉनच्या आसपास. सोन्याची घनता 19.3, म्हणजे एका घन सेंटिमीटरला 19.3 ग्रॅम. म्हणजे एका चौरस सेंटिमीटरला दीड मिलिग्रॅमसुद्धा नाही. बोर्डाच्या मधल्या भागावर जी सोनेरी छटा दिसते, ती त्याच्याही दहाव्या हिश्शाची असू शकते. त्यामुळे किलोभर बोर्डात अमुक तोळे सोनं असं कुणी सांगितलं तर त्याला चहा पाजून वाटेला लाव.

आता तेजाबाचं. इंटरनेटवरच्या व्हिडिओतला माणूस अख्खा प्रोसेसर नायट्रिक-हायड्रोक्लोरिकच्या मिश्रणात टाकतो, पाणी पिवळं होतं आणि पुढच्या क्षणी हातात गोळी! मधलं काय कापलं ते सांगतो. पिना आतून लोखंड-निकेल-कोबाल्टच्या असतात. तो साधा धातू शिल्लक आहे तोवर सोनं विरघळतं आणि परत त्याच्यावरच जाऊन बसतं. कथील असेल तर नायट्रिकमध्ये त्याचा चिकट लगदा होतो, आणि ते गाळता गाळता रात्र जाते. म्हणून जाणता माणूस आधी साधे धातू काढून टाकतो, सोनं सगळ्यात शेवटी विरघळवतो. मग उरलेलं नायट्रिक घालवायचं, नाहीतर सोनं खाली बसतच नाही. मग सोनं खाली बसवायला सोडियम मेटाबायसल्फाइट. काचेच्या तळाशी जे जमतं ते बघून तुझा विरस होईल, कारण चकाकी काही नाही, चहाच्या चोथ्यासारखा तपकिरी गाळ. धुऊन, सुकवून, सवागी (टाकणखार) घालून मुशीत वितळवलं, की मग कुठं पिवळं दिसतं. द्रावणात सोनं राहिलंय का हे बघायला आम्ही एक थेंब कागदावर घेतो, त्यावर स्टॅनस क्लोराइडचा थेंब. जांभळं झालं तर ते पाणी फेकायचं नाही. मला आजही हा रंग बघायला आवडतो.

ह्या द्रावणाची एक गंमत सांगतो. 1940 मध्ये जर्मन फौजा कोपनहेगनमध्ये शिरल्या तेव्हा हेव्हेशी नावाच्या शास्त्रज्ञानं लाउए आणि फ्रांक ह्या शास्त्रज्ञांची सोन्याची नोबेल पदकं जर्मनांच्या हाती लागू नयेत म्हणून अशाच मिश्रणात विरघळवून बाटली फळीवर ठेवून दिली. युद्ध संपलं तरी बाटली तिथंच. त्यातलं सोनं काढून पदकं पुन्हा घडवली.

पण हेव्हेशीकडे प्रयोगशाळा होती. तुझ्याकडे गच्ची आहे, आणि खाली वहिनी नि पोरं. तेजाबाचा तो तपकिरी धूर घशाला झोंबून गेला असं वाटतं, पण फुफ्फुसात पाणी काही तासांनंतरही भरू शकतं. आमच्याकडची जुनी माणसं बघ, तेजाबाच्या वाफेनं दात झिजलेले. उरलेल्या हिरव्या पाण्यात तांबं, निकेल, शिसं असतं, ते मोरीत ओतायचं नाही. आणि धंदा म्हणून करायचं तर 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांप्रमाणे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी लागते. मोठे लोकसुद्धा ढीग जमवूनच करतात. टोकियो ऑलिंपिकच्या पदकांसाठी जपानभरातून जवळजवळ 79,000 टन जुनी उपकरणं गोळा केली, त्यातून सोनं आलं साधारण 32 किलो. नीरज चोप्राचं सुवर्णपदक त्यातलंच, आणि तेही आतून चांदीचं, वर फक्त 6 ग्रॅमच्या आसपास सोनं!

तर तू एवढंच कर. सिरॅमिकचे वेगळे, हिरवे वेगळे, रॅम वेगळी, मदरबोर्ड वेगळे. बोर्डांवरचे लोखंडी क्लिप, स्क्रू आणि अ‍ॅल्युमिनियमचे हीटसिंक काढून टाक, मग वजन कर. सगळं एकत्र दिलंस तर भंगारवाला सगळ्याला मदरबोर्डाचा भाव लावेल. वेगळ्या ढिगांचे भाव दोन नोंदणीकृत रिसायकलरकडून मागव, आणि पावती घे. प्रोसेसरच्या पिना उपटत बसू नकोस, मोडलेल्या नगाचा भाव पडतो.

आईंना नमस्कार सांग. सिरॅमिकच्या त्या तुकड्याचा दोन्ही बाजूंचा फोटो पाठव, वरचा नंबर वाचता येईल असा.

तुझा,
संपत