बाबांची गाणी आणि कानातलं मशीन

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

परवा फोनवर आई म्हणाली, "ह्यांचं ते इंग्रजी बोंबलणं बंद झालंय, घर अगदी शांत." आई, इतकी वर्षं ज्याच्यावर कुरकुर केलीस ते थांबलं, तर तुझ्या आवाजात आनंद का नव्हता गं? मग बाबांनी कारण सांगितलं. मशीन लावल्यापासून गाण्यात राम राहिला नाही, सगळं पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखं वाटतं. फोनवर समजवायला जावं तर बाबांना निम्मं ऐकू येत नाही, आणि उरलेल्या निम्म्यावर ते वाद घालतात. म्हणून हे पत्र.

बाबा, ती गाणी होती तशीच आहेत. तुमचं मशीन मुळात माणसांचं बोलणं नीट कळावं म्हणून लावून दिलेलं आहे. बारीक आवाज मोठा करायचा, मोठा दाबायचा आणि मशीन स्वतःच शिट्टीसारखं वाजायला लागलं की ती शिट्टी दाबून टाकायची, हे त्याचं काम. आता बीटल्सचं 'आय फील फाइन' आठवा. १९६४ चं गाणं, सुरुवातीलाच गिटार अँप्लिफायरजवळ नेल्यावर येतो तो घुमणारा सूर. लेननने तो हौसेने ठेवलाय, पण मशीनला वाटतं, आपणच शिट्टी मारतोय! मग ते तो सूर खायला बघतं. पिंक फ्लॉइडमधला गिलमोर गिटारवर एकच सूर लांबवतो, तिथेही असंच. सूर उगाच थरथरतो, आणि तुम्ही फोनवर खापर फोडता.

क्वीनच्या 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'चं तर फारच वाईट होतं. (त्यांचा गायक फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये शिकला, हे वाईच्या एसटीत अनोळखी माणसालाही ऐकवणारे तुम्हीच.) १९७५ चं ते जवळजवळ सहा मिनिटांचं गाणं. आधी नुसते गळे, मग पियानो आणि एकटा आवाज, मग ती ऑपेराची गर्दी, मग गिटारचा दणका. सगळी मजा त्या चढउतारात आहे. मशीन पियानो वर उचलतं, दणका खाली दाबतं, की झालं सपाट. त्यातला 'गॅलिलिओ'चा सगळ्यात उंच सूर त्यांचा ड्रमर रॉजर टेलर लावतो. वयानुसार कान आधी असेच उंच सूर सोडतात, त्यामुळे तो तसाही हळूहळू निसटत असणार.

उपाय आहे. ऑडिओलॉजिस्टकडे, म्हणजे कान तपासून मशीन लावून देणाऱ्याकडे, जा आणि 'म्युझिक प्रोग्रॅम' आहे का ते विचारा. बऱ्याच मशीनमध्ये असतो. त्यात ही दाबादाबी आणि शिट्टी समजून सूर खाणं कमी केलेलं असतं. मशीन देताना त्या माणसाने घाईघाईत फक्त बोलण्याचं सेटिंग करून दिलं, गाणी ऐकता का, हे विचारलंसुद्धा नाही. आई, तू बरोबर जा, नाहीतर हे "सगळं छान ऐकू येतं" म्हणून परत येतील. आणि तिथे त्यांच्या मशीनवर ऐकवतात ते "पूं पूं" ऐकून हो म्हणू नका बाबा, फोनवर ईगल्सचं 'हॉटेल कॅलिफोर्निया' लावा. शेवटी फेल्डर आणि वॉल्शच्या दोन गिटारी वेगवेगळ्या कळल्या, तरच उठा.

मशीन काढून, कान झाकणारे मोठे हेडफोन लावून ऐकलं तर चालेल का, तेही तिथेच विचारा. काहींना तसं जास्त आवडतं, खर्ज भरून येतो म्हणे. आवाज मात्र बेताने. एसी/डीसीचा गायक ब्रायन जॉन्सन, त्याला कानांपायी २०१६ मध्ये दौरा अर्ध्यावर सोडावा लागला होता, आणि तो तर तुमच्याच वयाचा! कट्ट्यावर जाताना मशीन खिशात टाकता म्हणे. लाजू नका, जॉन्सनचं नाव सांगा मित्रांना.

तुमची,
धाकटी

ता. क. आई, बोनी एमची कॅसेट तू तुझ्या कपाटात ठेवलीयेस, हे मला माहीत आहे. बाबांना अजून सांगितलेलं नाही.