चिंगीच्या गाठीबद्दल

पुणे

प्रिय सुनंदा,

फोनवर तुझ्या चिंगी मांजरीच्या गाठीबद्दल सांगताना तू इतकी घाबरली होतीस की मला धड काही सांगताच आलं नाही, म्हणून लिहायला बसले.

शेजारच्या काकू म्हणतात, वय झालं की गाठी यायच्याच. कुत्र्यांच्या बाबतीत ते पुष्कळदा खरं असतं. म्हातारपणी त्यांना चरबीच्या मऊ गाठी येतात आणि त्यांचा त्रासही नसतो. मांजरांचं तसं नाही गं. त्यातून चिंगीची गाठ आचळाजवळ आहे. मांजरीच्या आचळाच्या गाठी 10 पैकी 8-9 वेळा कॅन्सरच्याच निघतात. हे वाचून तुझा जीव खाली-वर होणार हे ठाऊक आहे, पण लपवून कसं चालेल? गाठ 2 सेंटिमीटरच्या आत असताना काढली, तर पुढे काही वर्षं मिळू शकतात. 3 च्या वर गेली की गोष्ट महिन्यांवर येते. तू हरभऱ्याएवढी म्हणालीस. म्हणजे अजून वेळ हातात आहे, फक्त तो ‘बघू थोडे दिवस’मध्ये घालवू नकोस.

हाताला कशी लागते यावरून कुणालाच काही सांगता येत नाही, डॉक्टरांनाही नाही. आमच्या पांढऱ्या बोक्याचा, सोन्याचा, कान आठवतो? टोकाला बारीकशी खपली धरायची, गळून पडायची, खाली लालसर ओलं दिसायचं, की परत खपली. भांडणातला ओरखडाच वाटावा. पांढऱ्या मांजरांना उन्हामुळे कानाला, नाकाला कॅन्सर होतो, हे तेव्हा डॉक्टरांकडून कळलं. कानाचं टोक कापलं आणि तो पुढे कितीतरी वर्षं खिडकीत बसून कबुतरांवर गुरगुरत होता.

परळचं बैलघोडा हॉस्पिटल तुला जवळ आहे, तिथे ने. साध्या सुईने गाठीतल्या पेशी काढून काचेवर घेतात, बहुतेक वेळा भूलही लागत नाही. ऑपरेशन ठरलं तर आधी छातीचा एक्स-रे काढायला सांग, कारण हा आजार फुफ्फुसात उतरतो. किडनीसाठी रक्तही तपासून घे. काढलेली गाठ बायोप्सीला पाठवायलाच हवी. एका गाठीसाठी आचळांची पूर्ण ओळ काढायची म्हणाले तर दचकू नकोस, तसंच करतात.

लस टोचलेल्या जागी टणक लागतं म्हणालीस, तेही दाखव. लशीची गाठ सहसा जिरते. 3 महिन्यांनंतरही राहिली, 2 सेंटिमीटरहून मोठी झाली किंवा महिन्याभरानंतरही वाढतच असली, तर तीही तपासावी लागते.

आणि हळदीचा लेप नको, ती चाटत बसेल. दुखतंय वाटलं तरी घरातली पॅरासिटामॉल चुकूनही देऊ नकोस, मांजरांना ती विषासारखी आहे.

शनिवारी सकाळच्या गाडीने मी येतेच आहे. पिंजरा आतापासूनच हॉलमध्ये उघडा ठेव, आत तुझी वापरलेली साडी घाल. सुईच्या तपासणीला उपाशी ठेवायचं का, ते मात्र आधी फोन करून विचारून घे.

तुझी,
वसुधा