मुहूर्ताचं बाळ

कोथरूड, पुणे
रविवार

प्रिय निल्या,

फोनवर नुसतं ‘हो हो’ केलं, कारण शेजारी आई होती. वहिनींच्या बाळंतपणासाठी काकूंनी अक्षय्य तृतीयेचा मुहूर्त धरलाय आणि वहिनींना तेव्हा ३८ आठवडेच होतात, हे ऐकल्यापासून डोक्यात घोळतंय.

तुला माहितीये, आमची इरा इंड्यूस करून, म्हणजे औषधानं कळा आणून झाली. सोनोग्राफीत पाणी कमी दिसलं, डॉक्टर म्हणाल्या थांबायचं नाही. रात्री जेल लावलं, सकाळी कळांचं सलाईन. मी बाहेर बाकड्यावर चहावर चहा. नऊ वर्षांनी, ती सातच्या पाढ्यावर अडून बसली असताना, २०२३चा एक डच अभ्यास वाचनात आला. गुंतागुंत नसलेल्या गरोदरपणांतली, दिवस भरून जन्मलेली दोन लाखांवर मुलं आणि त्यांचे बाराव्या वर्षीचे शाळेतले गुण. कळा आणलेल्यांचे किंचित कमी. झोप उडाली रे!

मग शांतपणे पुन्हा वाचलं. फरक अगदी बारीक, हजारो मुलांच्या सरासरीतच दिसेल असा. शिवाय कळा का आणल्या, ते कारण कागदावर पूर्ण येतंच असं नाही. इराचा पाढा जेलवर ढकलायची माझी युक्ती बारगळली. (तिच्या बापालाही सातचा पाढा येत नव्हता, तू साक्षीदार आहेस.)

पण आठवड्यांचं मी मनावर घेतलं. मेंदूची वाढ शेवटच्या आठवड्यांतही जोरात चालू असते. न्यूयॉर्कमध्ये सव्वा लाखावर मुलांचे तिसरीतले गुण तपासले, तर ३७-३८ आठवड्यांना जन्मलेली मुलं ४१वाल्यांपेक्षा वाचन-गणितात थोडी मागे होती. अशाच कारणांनी अमेरिकेतले प्रसूतितज्ज्ञ आता ३९ पूर्ण झाल्यावरच ‘पूर्ण दिवस’ मोजतात. ३९ नंतरची गोष्ट वेगळी. अमेरिकेत २०१८ साली सहा हजारांवर पहिलटकरणींवर चाचणी झाली. ३९ आठवडे पूर्ण झाल्यावर लगेच कळा आणलेल्यांत सिझेरियन १८.६ टक्के, वाट पाहिलेल्यांत २२.२.

तेव्हा बीपी वाढलं, पाणी कमी झालं, बाळाची हालचाल मंदावली, तर डॉक्टर सांगतील त्या तासाला दाखल व्हा. गुणांचा विचारही नको. पंचांगासाठी मात्र ३८ला नाही. त्या दिवशी काकूंना हवं तेवढं सोनं घेऊन दे.

त्यांच्याशी मी बोलू का? लहानपणापासून तुझ्यापेक्षा माझंच जास्त ऐकतात.

तुझा,
बंड्या