वारस नोंदीआधी एकदा विल शोधा ना साहेब!

मा. महसूलमंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

जमिनी, घरं, विल, फॅमिली ट्रस्ट अशीच कामं करणारा वकील आहे. मयतांच्या जागी वारसांची नावं सातबाऱ्यावर लावायची २०२५ ची जिवंत सातबारा मोहीम मला खरंच आवडली. आजोबा जाऊन वर्षानुवर्षं झाली तरी सातबाऱ्यावर नाव त्यांचंच, हे घरोघरी होतं. पण वारस लावायच्या गडबडीत एक गोष्ट कुणी नीट तपासत नाही, मयताने विल केलं होतं का?

आज विल असेल तर ते घरच्यांनी आणून द्यायचं. आता ज्याला विलमध्ये काहीच नाही तो कशाला आणून देईल? आणि जिला दिलंय, समजा लेकीला, तिला बऱ्याचदा पत्ताच नसतो कारण वडिलांनी आपल्या हयातीत भांडणं नकोत म्हणून गुपचूप रजिस्टर केलेलं असतं. मग सगळ्यांची नावं लागतात, फेरफार म्हणजे नावबदलाची नोंद मंजूर होते, एक भाऊ हिस्सा विकून मोकळा होतो आणि नंतर कधीतरी कपाटात ते विल सापडतं, की चला दिवाणी कोर्टात. फेरफाराने मालकी ठरत नाही हे सुप्रीम कोर्टाने अनेकदा सांगितलंय, पण जमीन घेणारा सातबारा बघूनच पैसे मोजतो ना!

तसं विल रजिस्टर करायची सक्ती नाही, दोन साक्षीदारांच्या रीतसर सह्या असल्या की साध्या कागदावरचंही चालतं. तरी आम्ही अशिलाच्या मागे लागतो की रजिस्टर कराच, कारण मूळ कागद हरवला किंवा कुणी फाडला तरी सरकारदरबारी नोंद राहते. १९०८ च्या नोंदणी कायद्याचं कलम ५७ सांगतं की विल करणारा वारल्यावर कुणीही अर्ज करून नक्कल मागू शकतो. छान, पण मागायची कुठल्या ऑफिसात? विल तर राज्यातल्या कुठल्याही दुय्यम निबंधकाकडे नोंदवता येतं. कलम ४२ खाली सीलबंद पाकिटात जिल्हा निबंधकाकडे ठेवलेलं असेल तर विचारूच नका, ही सोय असते हेच लोकांना माहीत नाही.

तलाठी तुमच्याच खात्याचे, दुय्यम निबंधकही तुमच्याच खात्याचे. मग वारस नोंदीचा अर्ज आला की मृत्यूच्या दाखल्यावरून राज्यभरचा शोध आपोआप का होऊ नये? मजकूर दाखवू नका, फक्त नोंद आहे की नाही आणि कुठल्या ऑफिसात एवढंच कळू द्या. माणूस जिवंत असताना मात्र दुसऱ्या कुणालाच काही कळता कामा नये, कायदाही तेच म्हणतो. एकाच नावाची चार माणसं निघतील म्हणून जन्मतारीख, पत्ता जुळवावा लागेल, आणि रजिस्टर न केलेल्या विलांना याचा काही उपयोग नाही हेही मान्य. जुनी हाताने लिहिलेली बुकं सावकाश घ्या, कॉम्प्युटरवर जेवढं आहे तेवढ्यापासून तरी सुरुवात करा.

आपला,
वारसांची भांडणं रोज बघणारा एक वकील