ओढू नगंस, पाण्यात सोड : पोस्टरवाल्या मामांना पत्र

आदरणीय मामा,

सा. न. वि. वि.

हे पत्र तुमची नात तुम्हाला वाचून दाखवेल. तिला मी आधीच बजावून ठेवलंय, की तुम्ही मधेच "बास, कळलं" म्हणून उठायला लागलात तर उठू द्यायचं नाही. पुरात भिजलेली माझी सिनेमाची पोस्टरं तुम्ही वाचवलीत, त्याचे तोंडावर आभार मानायचा प्रयत्न मी दोनदा केला. पहिल्यांदा तुम्ही तंबाखू मळायला घेतलीत, दुसऱ्यांदा चपला शोधायला लागलात. म्हणून आता चारचौघांत मानतो. इथून पळता येणार नाही.

बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी थोडं मागचं. आमचं घर कोल्हापुरात जयंती नाल्याच्या अंगाला. 2005 च्या पुरात पाणी कुठवर आलं होतं त्याची खूण वडिलांनी भिंतीवर खिळ्यानं कोरून ठेवली होती. माझी पोस्टरांची ट्रंक त्या खुणेच्या हातभर वर, माळ्याच्या फळीवर असायची. मला वाटायचं, आपण पुराचा हिशेब केलाय. 2019 च्या ऑगस्टमध्ये पुरानं आमचा हिशेब केला. पंचगंगेची धोक्याची पातळी 43 फूट, आणि त्या आठवड्यात राजाराम बंधाऱ्यावर पाणी 55 फुटांच्या वर. सहाव्या दिवशी बहिणीकडून परत आलो तेव्हा फळी मोडून ट्रंक खाली पडली होती आणि कुलूप जसंच्या तसं होतं. आत गढूळ पाणी आणि 126 पोस्टरं. शाळेपासूनची. काही टॉकीजच्या मॅनेजरच्या हातापाया पडून आणलेली, काही मुंबईच्या चोर बाजारात घासाघीस करून, तीन-चार तर सरळ भिंतीवरून उचकटलेली (हे तुम्हाला आज पहिल्यांदा कळतंय, माफ करा).

जुन्या वस्तूंच्या एका व्यापाऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, "रद्दीवाला पण घेणार नाही हो, ओल्या कागदाचं वजन करत नाहीत." विनोद चांगला होता, पण वेळ चुकली.

मग शेजारच्या काकूंनी तुमचं नाव काढलं. "टॉकीजची पोस्टरं चिकटवायचे ते मामा आहेत की अजून." तुम्ही सायकलवरून आलात, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, अंगणातला चिखल तुडवत. मी तेव्हा वरचं पोस्टर कोपऱ्याला धरून सोडवत होतो आणि कोपरा माझ्या चिमटीत आला होता. तुमचं पहिलं वाक्य मला अजून तसंच ऐकू येतं : "ओढू नगंस. पाण्यात सोड. त्येची त्ये सुटत्यात."

पाण्यातून काढलेली वस्तू परत पाण्यात घालायची हे माझ्या डोक्यात शिरेना. तुम्ही मात्र आमची कपडे भिजवायची मोठी घमेली मागवलीत, टँकरचं स्वच्छ पाणी ओतलंत आणि अख्खा गठ्ठा आडवा ठेवलात. हात लावायचा नाही. अर्ध्या तासानं वरचा कागद स्वतःच जरासा उचलला गेला, दुधावरची साय सरकते तसा. तुम्ही त्याच्याखाली प्लॅस्टिकचा कागद घातलात आणि प्लॅस्टिकसकट वर काढलात. ओल्या कागदाला धरायचं नसतं, त्याला झेलायचं असतं, हे मी त्या दिवशी बघून शिकलो. मी उन्हात वाळत घालायला निघालो तर हातावर चापटी मारलीत. उन्हात कागद आकसतो, पापडासारखा वाकडा होतो. पंख्याखाली जुन्या मच्छरदाणीवर, सावलीत. आमच्या घरात तेव्हा गादी नव्हती, भांडी नव्हती, पण चार खोल्यांत मच्छरदाणीवर हेमामालिनी, दादा कोंडके आणि निळ्या तोंडाचे खलनायक वाळत होते. बायको काय म्हणाली ते इथं लिहीत नाही.

126 पैकी 83 वाचली.

पुढचं काम हिवाळ्यात झालं. पोस्टराला मागून मांजरपाटाचं कापड लावायचं, त्यासाठी मैद्याची खळ. तुम्ही चिकटवायच्या दिवसांत खळीत मोरचूद घालायचात, म्हणजे उंदीर आणि किडे तोंड लावत नाहीत. माझ्याकडे मात्र मोरचूद घालू दिला नाहीत. "भित्तीवरचं पोस्टर आठ दिसाचं. हे ठिवायचं हाय. त्यो निळा डाग वर येतोय." खळ उकळताना हात थांबवायचा नाही, गुठळी झाली की ती कागदावर फोडासारखी उठते. माझी पहिली खळ तुम्ही बोट बुडवून बघितलीत आणि म्हणालात, "ही खायला घी." दुसरी जमली.

आभार त्या कामाचे आहेतच. पण ते कुणीही मानेल. त्या चार महिन्यांत, खळ गार व्हायची वाट बघताना तुम्ही जे बोलत होतात त्यानं माझं पोस्टरांबद्दलचं मत मुळापासून हललं, आणि मुख्य आभार त्याचे.

मी स्वतःला जाणकार समजायचो. पोस्टर बघितलं की पहिला प्रश्न, काढलं कुणी? आणि कोल्हापूरकराला त्याचा माज असतोच. बाबूराव पेंटर आपले, नाटकाचे पडदे रंगवता रंगवता कॅमेरा बनवला, 1920 मध्ये 'सैरंध्री' काढला आणि स्वतःच्या चित्रपटांची पोस्टरंही स्वतःच रंगवली. 'कल्याण खजिना'चं 1924 चं पोस्टर आज देशातल्या सर्वांत जुन्या शिल्लक पोस्टरांमध्ये धरतात. जी. कांबळे आपले. महाराष्ट्र शासनानं मान्य केलेलं शिवाजी महाराजांचं चित्र त्यांचं, आणि 'मुघल-ए-आझम'चे फलकही त्यांचेच. दिग्दर्शक के. आसिफनी त्यांना शांतारामबापूंच्या राजकमल स्टुडिओतून नेलं. मग दिवाकर करकरे : 'दीवार', 'अमर अकबर अँथनी', सुरीनं फटकारलेला जाड रंग. हे सगळं मी तुम्हाला ऐकवलं आणि तुम्ही कुंचा धूत म्हणालात, "आसंल. पर लावलं कुठं हुतं?"

हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता.

तुम्ही सांगितलंत की एकाच पिक्चरची तीन-चार तऱ्हेची पोस्टरं यायची आणि कुठलं कुठं लावायचं हे मॅनेजर नव्हे, तुम्ही ठरवायचात. एसटी स्टँडवर मारामारी, कारण तिथं बघणाऱ्याला बस पकडायची असते, त्याला लांबून दिसलं पाहिजे. भाजी मंडईजवळ नवरा-बायको. देवळाच्या वाटेवर रडणारी बाई, आणि ते बाईच्या डोळ्यांच्या उंचीला, पुरुषाच्या नव्हे. कॉलेजच्या भिंतीवर गाणं. दवाखान्यासमोर भुताचं लावायचं नाही. आणि सहा तुकड्यांचं मोठं पोस्टर खालून वर चिकटवायचं, वरचा तुकडा खालच्यावर चढला पाहिजे, कौलांसारखा, म्हणजे पावसाचं पाणी सांध्यात शिरत नाही. मी तीस वर्षं ते सांधे बघत होतो आणि मला वाटायचं छपाईच चुकली आहे.

त्यानंतर मी माझा संग्रह पुन्हा पहिल्यापासून बघितला. प्रत्येक पोस्टर हातात घेऊन विचारलं, हे कुणाला काय सांगत होतं, आणि पिक्चरनं ते पाळलं का?

'मुघल-ए-आझम' घ्या. ते पोस्टर मला लग्नपत्रिकेसारखं वाटायचं, भरजरी आणि जरा जड. तुम्ही हसून म्हणालात, "पोस्टर रंगीत, पिक्चर काळा-पांढरा. कोण भांडलं न्हाई." खरंच की! 1960 साली शीशमहलातलं गाणं आणि काही रिळं सोडली तर सगळा कृष्णधवल. आणि नुसता तोच नव्हे, त्या काळचे कितीतरी. भिंतीवर केशरी-जांभळ्या रंगांची उधळण, आत करडं जग, आणि लोक पोस्टरातले रंग डोळ्यांत घेऊन आत जाऊन बसायचे. मला वाटतं मधुबालेच्या पोशाखांचे रंग आपल्या आजीला ठाऊक होते, ते पोस्टरामुळेच. याला फसवणूक म्हणायचं की मदत, मी अजून ठरवू शकलेलो नाही. 2004 मध्ये तो संगणकावर रंगवून आणला तेव्हा मी बघायला गेलो होतो. भिंतीवरचे रंग जास्त खरे होते.

'शोले'. दगडात कोरल्यासारखी तडे गेलेली अक्षरं. ते शीर्षक एवढं दणकट आहे की चेहरे नसते तरी चाललं असतं. माझ्या मते हिंदी सिनेमातलं ते सर्वांत चांगलं अक्षर, आणि यावर मी वाद घालायला केव्हाही तयार आहे. पण तारे कोण? धर्मेंद्र, संजीवकुमार, हेमा, अमिताभ, जया. अमजद खान नवा. तुमची आठवण अशी, की पहिल्या आठवड्यानंतर लोक विचारायला लागले, त्या गब्बरचं नाही का? आणि तुम्ही ज्या कागदावर तो जरा मोठा दिसत होता तेवढे राखून ठेवलेत आणि नाक्यानाक्यावर लावलेत. निर्मात्याला जे आधी कळलं नव्हतं ते सायकलवरच्या माणसाला कळलं होतं.

दादांचं 'सोंगाड्या', 1971. मी ते पोस्टर कधी भिंतीवर टांगलं नाही, चित्रकला म्हणून काही नाही त्यात, असं म्हणायचो. ढगळ अर्धी चड्डी आणि लोंबणारी नाडी. तुमचं म्हणणं, नाव वाचता न येणाऱ्याला नाडी वाचता येते. बाबा रे, यापेक्षा चांगली व्याख्या मला कुठल्या जाहिरातवाल्यानं दिलेली नाही. आता ते दिवाणखान्यात आहे.

सगळ्यांत लाज वाटली ती 'माहेरची साडी'ची. 1991 चा. मी त्या पिक्चरची आयुष्यभर टिंगल केली. पोस्टर गठ्ठ्यात तळाला होतं, त्यामुळे बिचारं सर्वांत जास्त भिजलं, आणि मी "हे राहू दे" म्हणालो. तुम्ही काही बोलला नाहीत, नुसतं ते घमेल्यात सोडलंत. नंतर सांगितलंत की खेड्यांतून ट्रॅक्टर भरभरून बायका यायच्या, आणि देवळाच्या वाटेवरचं ते पोस्टर तुम्ही दोनदा बदललंत, कारण बायका येता-जाता अलका कुबलच्या गालाला हात लावायच्या आणि तेवढाच भाग झिजायचा. आता त्याच्याशेजारी मी माझं लाडकं 'पुराना मंदिर' ठेवून बघितलं. भुताचे पिक्चर काढणाऱ्या रामसे बंधूंचं, 1984 चं. पोस्टर बघून लहानपणी रात्री लघवीला एकटा उठत नव्हतो. आणि पिक्चरमध्ये? मधेच जगदीपचं 'शोले'वरचं विडंबन, आणि भुतापेक्षा त्याचीच आठवण जास्त. भीती कबूल केली आणि हसू दिलं. 'माहेरची साडी'नं रडू कबूल केलं आणि रडूच दिलं, वर मापापेक्षा जास्त. मी पिक्चरबद्दलचं मत बदललेलं नाही, मला तो आजही झेपत नाही. पण प्रामाणिक पोस्टर म्हणून ते पहिल्या पाचात.

आणि ती फ्रेम. सत्यजित राय यांच्या 'देवी'ची, 1960 ची. ते जाहिरात कंपनीत काम केलेले, स्वतःची पोस्टरं स्वतः करायचे. माझ्याकडची नंतर छापलेली प्रत आहे, ती वरच्या मजल्यावर होती म्हणून कोरडी राहिली. शर्मिला टागोरचा चेहरा, अर्धा उजेडात, अर्धा अंधारात. तुम्हाला पिक्चर माहीत नाही, बंगाली अक्षर वाचता येत नाही. तुम्ही चहाचा कप घेऊन बराच वेळ बघत उभे होतात. मग म्हणालात, "हिला देवी करून बसवल्या. पर पोरगी भ्यालीया." मामा, अख्खा पिक्चर तेवढाच आहे. सुनेत सासऱ्याला देवी दिसते आणि सतरा वर्षांची पोर पाटावर बसवली जाते. मी त्यावर दोन पानी लेख लिहिला होता एकदा. तुम्ही सात शब्दांत उरकलंत.

हल्लीच्या पोस्टरांबद्दल तुमच्याशी एकदा भांडायचं आहे. तुम्ही म्हणता ती वाईट नाहीत, फक्त त्यांना भिंत नाही. मी म्हणतो वाईटच आहेत : सहा डोकी, सहा दिशांना बघणारी, एक निळं, एक नारिंगी, फोनवर नखाएवढी. पण तुमचा मुद्दा डोक्यातून जात नाही. नखाएवढ्या जागेत चेहऱ्यापलीकडे मावणार तरी काय?

असो. कामाचं बोलू. तळाचा एक गठ्ठा अजून तसाच आहे, दहा-बारा कागद असतील, वाळून लाकडासारखा झालाय. तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, आता दमलास, हे नंतर बघू. त्यात काय आहे ते मला आठवत नाही. एका कडेला पिवळ्या नऊवारीचा काठ दिसतो, एवढंच. दिवाळी झाली की रविवारी या. घमेली घासून ठेवतो. मैदा आणलाय, मोरचूद आणलेला नाही. खळ मीच करतो, तुम्ही फक्त बोट बुडवून बघा.

तुमचा,
कोपरा फाडणारा भाचा